खड्ड्यातले रोहू

आधीच सांगून ठेवते, मी मासे खात नाही. मी मूळची सोलापूरची, हिरेमठ. आमच्या घरात मासा यायचा तो फक्त पंचांगातून, मीन राशीच्या चित्रात. त्यामुळे नववी 'ड'ला मत्स्यशेती प्रत्यक्ष करून शिकवायची असं मी जाहीर केलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे पोट धरधरून हसले. हसोत बापडे. बेडकाची पचनसंस्था मी गेली कित्येक वर्षं शिकवते, म्हणून काही मी बेडूक खात नाही, असं मी त्यांना ऐकवलं. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की माझं इथेच चुकतं. मत असलं की ते मला ऐकवायचंच असतं.

सुरुवात अगदी साधी झाली. पुस्तकात शाश्वत अन्ननिर्मितीचा धडा होता. त्यात निळंशार तळं, काठावर हसरा शेतकरी आणि त्याच्याकडे बघून उडी मारणारा एक मासा, असं चित्र. मी वर्गाला विचारलं, "शाश्वत म्हणजे काय?" मागच्या बाकावरून हितेश म्हणाला, "बाई, जो प्रश्न दरवर्षी येतोच, तो शाश्वत." वर्ग खिदळला. मला राग आला, पण खरं सांगायचं तर व्याख्या तशी चूक नव्हती.

तेवढ्यात रोशनी उभी राहिली. ही उरणकडच्या कोळ्यांची मुलगी, आजीबरोबर पनवेलला राहते. आजी कृष्णाबाई मासळी बाजारात बसते. रोशनी वर्गात सहसा तोंड उघडत नाही, आणि उघडलं की समोरच्याला पळता भुई थोडी करते. ती म्हणाली, "बाई, शाळेमागे एवढा मोठा खड्डा हाय. चित्र कशाला बघायचं? करूनच बघूया ना."

खड्डा होता खरा. आमची शाळा नेऱ्याच्या रस्त्याला. नवी इमारत बांधताना मागच्या बाजूचा मुरूम काढला आणि तिथे पाणी साठलं ते कधी आटलंच नाही. आमच्या संस्थेने तो खड्डा बुजवून, वर पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करायचा ठराव केला होता. कारण एकच. संस्थेचे अध्यक्ष कमळाकरशेठ यांची गाडी इतकी लांब होती की शाळेच्या पटांगणात ती वळायची नाही. शेठ आले की प्रार्थनेच्या रांगा मागे सरकवाव्या लागत, आणि पहिलीची मुलं तर 'वंदे मातरम्' म्हणत म्हणत थेट मुतारीपर्यंत जात.

मी तडक शेठकडे गेले. शेठ जवळच्याच गावातले आगरी. जमिनी होत्या, मग बिल्डर झाले, मग अध्यक्ष झाले. माणूस दिलदार, पण मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटल्याशिवाय बोलत नाही.

"बाई, तुमी मासं खाता?"

"नाही."

"मग पालणार कशाला?"

"शिकवायला."

शेठनी टेबलावर हात आपटला. "मार्चपर्यंत मुदत देतो. नववी डची झाडून सगळी पोरं त्या खड्ड्यातलं एक वेळ पोटभर जेवली, तर खड्डा तुमचा. नाय जेवली, तर मार्चमधे डंपर येनार, भराव पडनार. पटतंय का?"

मी "पटतंय" म्हणून मोकळी झाले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की मासा किती दिवसांत वाढतो हेसुद्धा मला माहीत नाही.

आता नववी 'ड' म्हणजे काय, ते सांगायला हवं. 'अ'मध्ये हुशार, 'ब'मध्ये बऱ्यापैकी, 'क'मध्ये कसेबसे आणि 'ड'मध्ये उरलेले. या मुलांकडून कोणी काही मागत नाही आणि तीही कोणाला काही मागत नाहीत. त्या दिवशी वर्गात शेठची अट सांगितली, तर अख्खा वर्ग उभा राहिला. माशांना ताप येतो का, मासे रात्री झोपतात का, त्यांना शाळेची घंटा ऐकू येते का, अशा प्रश्नांचा भडिमार झाला. एकाचंही उत्तर मला येत नव्हतं. मला फार आनंद झाला.

तो आनंद सरकारी कचेरीत जिरला. मासे पाळायचे तर माशांची पिल्लं हवीत, ज्याला मत्स्यबीज म्हणतात. ती स्वस्तात देणारं केंद्र असतं, आणि त्या केंद्राच्या अलीकडे एक टेबल असतं. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "पाणीसाठ्याचा प्रकार?"

"खड्डा," मी म्हटलं.

"खड्ड्याला बीज मिळत नाही. तळ्याला मिळतं."

"फरक काय?"

"तळं नोंदीत असतं."

"मग नोंद करा."

"ते आमच्याकडे नाही. तिकडे जा."

तिकडे गेले, तर ते म्हणाले, जागा शाळेची आहे, शिक्षण खात्याचं पत्र आणा. शिक्षण खात्यातल्या बाईंनी माझा अर्ज उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "मासा शैक्षणिक साहित्यात बसत नाही हो. फळा बसतो, तक्ता बसतो."

"तक्त्यावर माशाचं चित्र असलं तर?"

"चित्र बसतं."

शेवटी हितेशने एका जुन्या फळ्याच्या पाठीवर ऑइलपेंटने 'तळे' असं लिहून पाटी ठोकली. तिच्याबरोबर खड्ड्याचा फोटो काढून मी पहिल्या टेबलावर नेऊन आपटला. गृहस्थांनी चष्मा पुसून फोटो बघितला. "आता कसं! तळं दिसतंय की," म्हणाले, आणि शिक्का मारला.

इकडे नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत बातमी पसरलीच होती. सेक्रेटरी सत्यजीत यांच्याकडे दिवाणखान्यात काचेची टाकी आहे. त्यामुळे मत्स्यविद्येचा अखेरचा शब्द आपलाच, अशी त्यांची समजूत. जिन्यात गाठून ते म्हणाले, "मॅडम, तळं ईशान्येला आहे ना? आणि एक काळा मासा ठेवाच. नजर लागत नाही. आमचा काळा मेला ना, त्याने घरावरचं संकट घेतलं स्वतःवर." मी विचारलं, कसलं संकट? ते म्हणाले, "तेच तर! आलंच नाही!" शिवाय त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर माझं अभिनंदन अशा शब्दांत केलं की दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्याकडे दोन पापलेटं आणि पाव किलो कोळंबीची ऑर्डर दिली. "साफ करून द्या हं," असंही वर.

रोहू आणि कटला या जातींचं बीज प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशव्यांमधून घेऊन मी शेअर रिक्षाने निघाले. एक पिशवी मांडीवर, दुसरी कुशीत. पळस्प्याच्या आसपास मांडीवरची गळायला लागली. मी दोन्ही हातांनी भोक दाबून बसले, आणि पदर गुडघ्यापर्यंत भिजला. शेजारी बसलेल्या आजोबांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि हळहळले. "बाई, फसवलं तुमाला. एवढी बारीक मासली, तलली तर तेलात सापडायची पन नाय." रिक्षावाल्याने भिजलेल्या सीटचे वेगळे पैसे मागितले नाहीत, पण शाळेपर्यंत तो ज्या प्रकारे नाक मुरडत होता, ते मला विसरता येणार नाही.

बीज सोडायच्या दिवशी मी पालकांना बोलावलं. मला वाटलं, टाळ्या वाजतील. रोशनीची आजी कृष्णाबाई पुढे आली. पिशवीत बघितलं आणि पिशवी माझ्या हातात परत दिली.

"ह्यो कंचा मासा?"

"रोहू आहे, आणि हा कटला."

"म्हंजे गोड्या पान्याचा? खाडीचा नाय?" तिने मागे वळून बाकीच्या बायकांकडे बघितलं. त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर अशी करुणा दाटली, की मी वर्गाला उपाशी ठेवणार आहे असंच कोणालाही वाटलं असतं. "बाई, याला चिखलाचा वास येतो गं. याला काय चव ना ढव. आमची पोरं नाय खायची."

हा विचार मी केलाच नव्हता. पुस्तकात लिहिलंय, रोहू-कटला शेवाळ, कोंडा, पेंड खाऊन वाढतात, खर्च कमी, निसर्गावर ताण कमी. सगळं बरोबर. पण पुस्तक लिहिणाऱ्याने खाडीकाठच्या माणसांना विचारलं नव्हतं. मग काय, सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणे खाडीतल्या निवट्या सोडा, कोणी म्हणे कोळंबी. एका आजोबांनी तर खड्ड्यात मीठ टाकायचा उपाय सुचवला. मी ठणकावून सांगितलं, "शाश्वत म्हणजे रोहू. इथे दुसरं काहीही पडणार नाही." शेठ मागे उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, त्यांना माझं पटलं.

पुढचे महिने मोठे सुखाचे गेले. नववी 'ड' शाळा भरायच्या आधी हजर. कोणी कोंडा आणतंय, कोणी पेंड भिजवतंय, कोणी पाण्यात कागदाची पट्टी बुडवून रंग बघतंय. तळ्याचं पाणी पालकाच्या वाफ्याला सोडलं तर पालक असा फोफावला की मुख्याध्यापिकांनी दोन जुड्या नेल्या आणि प्रकल्पाची स्तुती केली. सकाळी खाणं टाकलं की पाण्यावर तोंडंच तोंडं यायची.

दिवाळीनंतर तोंडं कमी दिसायला लागली.

आधी मी म्हटलं, थंडी असेल. मग म्हटलं, बगळा असेल. मी आमच्या ह्यांची टोपी आणि माझा जुना पिवळा रेनकोट घालून काठावर बुजगावणं उभं केलं. बगळा त्याच्या खांद्यावर बसायला लागला. आणि इंग्रजीच्या बाईंनी तर लांबून त्याला "हिरेमठ बाई, चहाला चला!" म्हणून हाकही मारली. बुजगावणं आलं नाही याचा त्यांना राग आला, आणि तो त्यांनी माझ्यावर काढला.

तरी मासे कमीच होत गेले. मग माझी नजर शाळेचा शिपाई काशिराम याच्यावर गेली. तो संध्याकाळी तळ्यापाशी बिडी ओढत बसायचा. एकदा त्याच्या डब्याला मासळीचा वास आला, आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, "काशिराम, हे मासे कुठले?" तो म्हणाला, "बाई, बोंबील हायत. सुके. तुमच्या खड्ड्यात सुके बोंबील झाले काय?" सगळे हसले. त्या दिवसापासून त्याने माझ्या वर्गाची घंटा मुद्दाम उशिरा द्यायला सुरुवात केली. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

मार्च आला. मासे धरायचा दिवस ठरला. शेठ आले, त्यांच्याबरोबर मत्स्य खात्याचे एक साहेब आले, साहेबांबरोबर त्यांचा ड्रायव्हर. कृष्णाबाईने नात्यातल्या लोकांकडून मोठं जाळं आणलं होतं. तिने नाक मुरडतच चूल पेटवली, वाटण तयार ठेवलं. "रोहू तर रोहू, पोरांसाठी करीन," म्हणाली. मुलांनी दोन्ही काठांवरून जाळं धरलं आणि ओढायला सुरुवात केली.

जाळं काठाला आलं. पहिल्यांदा शेवाळ आलं. मग एक चप्पल. मग पाच-सहा किडकिडीत रोहू आले, भेदरलेले. त्या क्षणी मला डंपरचा आवाज ऐकू यायला लागला, आणि तो भास नव्हता. शेठनी आगाऊ बोलावलेला डंपर खरोखरच गेटपाशी उभा होता.

आणि मग जाळ्याच्या पोटात काहीतरी धडाधड आपटलं. पाणी उसळून साहेबांच्या बुटांवर आलं. हितेश ओरडला, "बाई, मगर!" मुलांनी जीव खाऊन ओढलं, आणि काठावर येऊन पडले सात मासे. हातभर लांब, रुपेरी, जबडा हा एवढा. कृष्णाबाईने दोन्ही हात गालांवर ठेवले.

"अगो बाय माजे! जिताडा!"

आमच्या रायगड जिल्ह्यात जिताडा म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. सगळे पालक धावले. म्हातारे आजोबा खाली बसून माशावरून हात फिरवू लागले. इथे जावई आला की जिताडा, आणि साहेबांकडून काम करून घ्यायचं असलं की साहेबांच्या घरी जिताडा. साहेबांच्या ड्रायव्हरलाही हे माहीत असावं, कारण कोणी काही म्हणायच्या आत त्याने कुठूनशी पिशवी काढली आणि सगळ्यात मोठा मासा शेपटीला धरला.

मला काय झालं कोण जाणे. आयुष्यात ज्याला बोट लावलं नव्हतं, त्या माशाचं डोकं मी दोन्ही हातांनी पकडलं. "सोडा! हा नववी डचा आहे!" ड्रायव्हर शेपटीकडे, मी डोक्याकडे. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, राहू द्या, राहू द्या," पण नक्की कोणाला राहू द्या ते काही त्यांनी स्पष्ट केलं नाही. शेवटी मासाच निसटला आणि ड्रायव्हर पिशवीसकट पालकाच्या वाफ्यात बसला.

साहेबांनी बूट पुसत विचारलं, "म्हणजे हा तुमचा जिताडा प्रकल्प होता तर?"

मी घाम पुसला. समोर शेठ, गेटपाशी डंपर, पाठीमागे माझी मुलं. मी म्हटलं, "हो. म्हणजे, पहिल्यापासून तसाच विचार—"

"नाय बाई," रोशनी म्हणाली.

मी तिला डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं. ती कसली बसते! ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, आमी रोहू सोडले होते. एवढे सोडले होते की सगळ्यांना पोटभर मिळाले असते, आणि उरले पण असते. कोनीतरी त्यात जिताड्याची पिल्लं टाकली. जिताड्याने सगळे रोहू खाल्ले. दहा ताटांचं जेवन एका ताटात आलं. आता एवढ्या पोरांना एकेक तुकडा येईल. शेठ बोलले होते पोटभर. पोटभर नाय होनार. प्रकल्प फसला. पन का फसला, ते आमाला माहीत हाय. पुढच्या वर्षी नाय फसनार."

मला तिचा राग आला, आणि तेवढाच अभिमानही वाटला. तिचंच खरं होतं, आणि ते खरं सांगायची हिंमत मला झाली नव्हती. मी म्हटलं, "रोशनी बोलली ते बरोबर आहे. आम्ही हरलो, शेठ." मग मी काशिरामकडे वळले. "आणि काशिराम, मी चुकले हो. तुझ्यावर उगाच आळ घेतला."

"असू द्या बाई," काशिराम म्हणाला. "तेवढा बुजगावन्याचा रेनकोट मला द्या, म्हंजे झालं."

शेठ खाली बघत होते. टेबल नसताना काय करायचं हे त्यांना कळत नसावं, कारण त्यांचा हात दोनदा वर गेला आणि दोनदा तसाच खाली आला. मग ते म्हणाले, "ती पिल्लं मी टाकली."

रोशनी साहेबांकडून शेठकडे वळली.

"बाई रोहू रोहू करत होत्या. मला वाटलं, आपल्या पोरांनी एवढी मेहनत घ्यायची आणि बेचव मासा खायचा? म्हनून तुमी बीज सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाली गुपचूप येऊन सोडली. आमच्या गावच्या तल्यात जिताडं असायचं. बाकीचे मासे पन असायचे. कोन कोनाला खाऊन संपवायचा नाय. लई मोठं होतं ते तलं. मीच बुजवलं. आता तिथे तीन बिल्डिंगी हायत. अशी दोन तली बुजवली मी बाई. आनि हितं तिसरं बुजवायला आलो, तर आदी त्यात मासं कशाला सोडलं, ते माजं मलाच कलत नाय."

एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी त्याचा चेहरा बघवेना. कृष्णाबाईनेच तिढा सोडवला. "बोलत काय बसलाव? मासा खराब व्हतंय!" म्हणून तिने कोयता उचलला. कालवणात तिने एवढं पाणी आणि एवढी चिंच घातली की तुकडा एकेक आला, पण रस्सा ज्याला हवा तेवढा. मासे न खाणाऱ्यांना पालकाची भाजी होती, त्या पंगतीत मी एकटीच निघाले. मुलं भुरके मारत होती. शेठ नववी 'ड'च्या पंगतीत मांडी घालून बसले आणि सगळ्यांत शेवटी वाढून घेतलं. त्यांच्या वाट्याला एक रोहूच आला, तो किडकिडीत. त्यांनी तो खाल्ला, बोटं चाटली, आणि खाली मान घालून म्हणाले, "एवढा पन वाईट नाय." कृष्णाबाई म्हणाली, "वाटन माजं हाय."

इतक्यात डंपरवाला कंटाळून आत आला. "शेठ, भराव कुठं ओतू? दुपारपासून गाडी उभी हाय."

नववी 'ड'चे सगळे हात ताटातच थांबले. रोशनीने माझ्याकडे बघितलं नाही. ती शेठकडेच बघत होती.

शेठनी उष्टा हात तसाच वर उचलला. "नेऱ्याचा रस्ता बघितलास येताना?"

"बघितला ना. कंबर गेली."

"मग त्या रस्त्यावर जेवढे खड्डे हायत तेवढे भर जा. हितं खड्डा नाय."

डंपरवाल्याने तळ्याकडे बघितलं, मग पंगतीकडे, मग कालवणाच्या टोपाकडे. "रस्सा उरलाय का?" त्याने विचारलं. रोशनी उठली, आणि तिने त्याला हात धुवायला तळ्याची वाट दाखवली.